भिंग-स्थिरीकरण

भिंग-स्थिरीकरण : (नेत्रवैद्यक). मोतीबिंदू काढल्यावर कृत्रिम भिंगाला नैसर्गिक पिशवीचा पुरेसा आधार उरला नसेल, तर ते डोळ्यात पक्के बसवण्याच्या शस्त्रक्रिया. हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला बसवलेले पहिले भिंगही पिशवीच्या मागच्या पडद्यावरच टेकले होते.

कारणे : डोळ्याला मार, मार्फन विकार, भिंगावर कोंड्यासारखा पांढरा थर साचणे, आधीच्या शस्त्रक्रियेत फाटलेली पिशवी. माराचे उदाहरण म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळ पैठण रस्त्यावरील चितेगावचा परिसर; तिथे कारखाने आणि कापसाची शेते शेजारी आहेत. उडालेला लोखंडी कण आणि पऱ्हाटीचा फटका हे दोन्ही धोके तिथे आहेत. मोतीबिंदूच्या जुन्या शिबिरांत तो पिशवीसकट काढून जाड काचेचा चष्मा देत; अशा डोळ्यांतही भिंगाला आधार उरत नसे. महाराष्ट्रासह सात राज्यांत जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात चाललेल्या मोतीबिंदू प्रकल्पाने भिंग बसवण्याची रीत रुजवली.

पद्धती : पिशवीचे तंतू थोडेच तुटले असतील तर आत पिशवी ताणून धरणारी कडी (ताणकडी) सरकवतात, जास्त तुटले असतील तर सिओनी यांची कडी (१९९८) श्वेतपटलाला टाक्याने बांधतात. बुबुळापुढच्या कप्प्यात बसवायचे भिंग आता मागे पडले आहे.

श्वेतपटलाला प्रोलीनच्या धाग्याने भिंग शिवणे बरीच वर्षे रूढ होते. पण १०-० जाडीचा बारीक धागा काही वर्षांनी तुटू शकतो आणि भिंग घसरते. यावर भारतीय उत्तर चेन्नईच्या अमर अगरवाल यांनी २००७ मध्ये दिले. समोरासमोर श्वेतपटलाचे दोन अर्धजाड पापुद्रे उचलायचे, त्यांखालील छिद्रांतून भिंगाचे पाय बाहेर ओढायचे, श्वेतपटलात केलेल्या बोगद्यात खोचायचे आणि पापुद्रे फायब्रिन गोंदाने चिकटवायचे. टाका नाही, भिंग हलतेही कमी. जपानच्या यामाने यांनी (२०१७) गोंदही वगळला : दोन बारीक सुयांतून पाय बाहेर काढून टोके डागतात, तिथे गाठ होते आणि ती श्वेतपटलात दडते.

यान वॉर्स्ट यांचे चिमटा-भिंग बुबुळाला अडकते. भारतात त्याचा प्रसार अमृतसरच्या दलजीत सिंग यांनी केला. वेळ कमी लागतो, म्हणून वृद्धांच्या डोळ्यांत ते विशेष सोयीचे.

श्रेष्ठ पद्धत कोणती, यावर एकमत नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीच्या २००३ व २०२० च्या दोन्ही आढाव्यांत कोणतीही एक पद्धत सरस ठरली नाही. निवड करताना शल्यविशारदाचा सराव मात्र महत्त्वाचा.

धोके : रक्तस्राव, काचबिंदू, दृष्टिपटल सुटणे.

भिंगाचा प्रकार व नंबर असलेले स्टिकर रुग्णाने शस्त्रक्रियेच्या कार्डासह आयुष्यभर जपावे. भिंग सरकल्यास पुढच्या डॉक्टरांना ते लागते.