तुकोबांच्या पुलावरून

कल्पना म्हणजे मनचे मांडे, असे आम्ही मास्तर मंडळी मुलांना बजावतो. आमच्या नागपुरात काही काळ राहिलेल्या नारायण वामन टिळकांची हकीकत मात्र निराळेच सांगते.

नागपूर-राजनांदगाव प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने या कवीच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. गिरिप्रवचन वाचून टिळक हेलावले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा लाभली, पण घर मोडले. लक्ष्मीबाई नातलगांच्या आसऱ्याला राहिल्या. पुढे त्या पतीजवळ परतल्या, तरी सोवळेओवळे सुटेना. ते हळूहळू गळाले आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

टिळकांना ख्रिस्त परका नको होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. त्यांनी त्याला माउली म्हटले, अभंगात आळवले, कीर्तनात उभे केले. पुस्तकातला देव असा घरचा झाला.

‘ख्रिस्तायन’ अपुरे ठेवून ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. शाळेचे शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. ज्या देवापायी संसार मोडला, त्याचीच कथा त्या अखेरपर्यंत रचीत होत्या. याला मनचे मांडे कसे म्हणावे?