डॉक्टरकीच्या दारातले आई-बाप

‘आमच्या मुलाला डॉक्टर करायचंय’ हे वाक्य आज आपल्याकडे शिक्षकाच्या घरात ऐकू येते, तसेच रिक्षावाल्याच्या घरातही. मूल दहावीला आले की घरातला टीव्ही बंद होतो, पाहुण्यांचे येणे-जाणे थांबते, आई पहाटे उठून चहा करून देऊ लागते. पण एके काळी हेच वाक्य ऐकून घरात सुतक आल्यासारखे झाले असते, हे सांगितले तर आजच्या आई-बापांना पटणार नाही.

मुंबईत पाश्चात्त्य वैद्यकाचे कॉलेज काढावे, असे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या मनात होते. ते १८३८ साली वारले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले आणि १८४५ साली भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. इमारत होती, गोरे प्राध्यापक होते. अडचण होती ती विद्यार्थ्यांची. इथे प्रेत फाडून शिकायचे होते. ते कुणाच्या जातीचे, हे विचारायची सोय नव्हती. असल्या ठिकाणी मुलाला कोण पाठवणार? म्हणून सरकारने विद्यार्थ्यांना विद्यावेतन देऊ केले. आज बाप प्रवेशासाठी पैसे मोजतो. तेव्हा मुलाने प्रवेश घ्यावा म्हणून सरकार पैसे मोजत होते!

या कॉलेजचे पहिले पदवीधर १८५१ साली बाहेर पडले. त्यांत गोव्याकडून मुंबईत आलेल्या गरीब कुटुंबातले भाऊ दाजी लाड होते, आणि पुढे १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे डॉ. आत्माराम पांडुरंग होते. या मुलांची नावे इतिहासात राहिली. त्यांना ‘जा’ म्हणणाऱ्या घरांची आठवण मात्र कुणी ठेवली नाही. त्या काळी आई-बापांचा पाठिंबा म्हणजे पैसा नव्हे. भावकीचे टोमणे गिळून मुलाच्या ताटात भाकरी वाढत राहणे, एवढाच त्याचा अर्थ असणार.

मुलांची ही कथा, तर मुलींचे काय? ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार मुलींसाठी उघडले ते १८८३ साली. त्याच साली मुंबईत निसर्ग-अभ्यासकांची एक संस्था निघाली, आजची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. तिच्या आठ संस्थापकांत हिंदी माणसे दोनच. एक वर सांगितलेले आत्माराम पांडुरंग, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. हे सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांनी जयंतीबाई या विधवेशी पुनर्विवाह केला होता. जयंतीबाईंना पहिल्या विवाहापासून एक मुलगी होती. तिचे नाव रखमाबाई.

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. पण कोवळ्या वयात मुलीला नांदायला पाठवायला सखाराम अर्जुनांमधला डॉक्टर तयार झाला नाही. मुलगी सावत्र बापाच्या घरीच राहिली, वाढली, मिळेल ते पुस्तक वाचत राहिली. पुढे नवऱ्याने १८८४ साली तिला नांदायला आणण्यासाठी दावा लावला. एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. त्याच वर्षी सप्टेंबरात न्या. पिन्ही यांनी मुलीच्या बाजूने दिलेला निकाल ऐकायला ते उरले नव्हते. १८८७ साली निकाल फिरला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

पुढच्याच वर्षी त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. कामा रुग्णालयातल्या डॉ. एडिथ पीची यांची त्यांना मोठी मदत झाली. १८९४ साली शिक्षण पुरे करून त्या परतल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी आयुष्यभर बायका-मुलांवर उपचार केले. १९५५ साली त्या वारल्या.

सखाराम अर्जुनांनी या मुलीसाठी कुठला अर्ज भरला नाही, कुठली फी भरली नाही. त्यांनी दिली दोनच गोष्टी : वाचायला मोकळीक आणि ‘नाही’ म्हणायचा हक्क. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

स्वातंत्र्यानंतर काळ पालटला. डॉक्टर होणे प्रतिष्ठेचे झाले आणि जागा अपुऱ्या पडू लागल्या. १९८३-८४ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांची दारे उघडली, आणि ‘डोनेशन’ हा शब्द मराठी झाला. बापाने एकर-दोन एकर विकले, आईने पाटल्या मोडल्या. १९८७ साली राज्याने कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा केला. उत्तर प्रदेशातल्या मेरठच्या मोहिनी जैन हिच्याकडे कर्नाटकातल्या एका कॉलेजने वर्षाला साठ हजार रुपये मागितले. तेवढे देणे तिच्या घराला शक्य नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९२ साली न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. तरी पैशाची वाट काही बंद झाली नाही. कुणी मुलांना युक्रेनला पाठवले. २०२२ साली तिथे युद्ध पेटले तेव्हा त्यांच्या आई-बापांनी रात्री कशा काढल्या असतील, ते त्यांनाच ठाऊक.

मग आली ‘नीट’. २०१३ साली पहिल्यांदा झाली, न्यायालयात अडकली, २०१६ पासून पुन्हा सुरू झाली. २०२४ साली या परीक्षेला २३ लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा देशात लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे एका जागेमागे वीसहून अधिक मुले. त्यातच त्या वर्षी पेपर फुटला.

लातूरमध्ये खोली भाड्याने घेऊन मुलासाठी दोन दोन वर्षे स्वयंपाक करणाऱ्या आया आहेत. परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाबाहेर झाडाच्या सावलीत त्या बसलेल्या दिसतात. कुणाच्या हातात जपमाळ, कुणाच्या हातात तस्बीह. पुटपुटणे वेगवेगळे, मागणे एकच. या मायेला नावे ठेवायची माझी छाती नाही.

पण एक विचारावेसे वाटते. वीसातल्या एकाला जागा मिळते. मग उरलेल्या एकोणीस मुलांच्या घरी त्या संध्याकाळी काय बोलले जाते? त्या मुलांना अभ्यासाची उणीव नसते, खर्चाचीही पुष्कळदा नसते. त्यांना हवा असतो सखाराम अर्जुनांच्या घरातला तो मोकळेपणा. ‘मला हे नको, मला दुसरे काही करायचे आहे’ असे म्हणाल्यावरही त्या घरात ताट वाढलेले असते.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुलाला डॉक्टर होऊ देण्यासाठी आई-बापांना धैर्य लागत होते. आज मूल डॉक्टर झाले नाही तरी त्याला पहिल्यासारखेच जवळ घेण्यासाठी धैर्य लागते. एवढे धैर्य आपल्या घरात असले, तर निकाल कसाही लागो, घर शाबूत राहील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)