लिस्बन ते गोवा : अंतर मैलांचे आणि अंतर वाटेचे

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला, तर लिस्बन आणि गोवा यांमधील अंतर सुमारे 8,300 किलोमीटर भरते. आजच्या जेट विमानाने ते सरळ कापावयाचे म्हटले, तर दहाएक तास पुरतील. परंतु इतिहासाची पाने चाळली म्हणजे आम्हांस असे दिसते की, दोन नगरांमधील अंतर केवळ भूगोल ठरवीत नाही. वाट कोणाच्या हाती आहे, यावरही ते अवलंबून असते.

वास्को द गामा 8 जुलै 1497 रोजी लिस्बनहून निघाला, तो मे 1498 मध्ये कालिकतला पोचला. 1510 साली गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेल्यावर या जलमार्गाचे वेळापत्रक मोसमी वाऱ्यांनी आखून दिले. मार्च-एप्रिलमध्ये लिस्बन सोडलेले जहाज आफ्रिकेला वळसा घालून, नैर्ऋत्य वाऱ्यांवर स्वार होऊन सप्टेंबरच्या सुमारास मांडवीच्या मुखाशी येई. वारा चुकला, तर मोझांबिकमध्ये महिनोन्‌महिने अडकून पडे. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत सुटत. म्हणजे येथून धाडलेल्या पत्राचे उत्तर हाती पडावयास दीड वर्षाहून अधिक काळ लागे.

या विलंबाचे परिणाम राज्यकारभारावर होत. 1 डिसेंबर 1640 रोजी लिस्बनमध्ये उठाव होऊन स्पेनच्या राजाची पोर्तुगालवरील सत्ता संपली आणि चौथा जुआंव गादीवर आला. ही वार्ता गोव्यात पोचली सप्टेंबर 1641 मध्ये. तोवर येथील कारभार, ज्याची सत्ता तिकडे संपली होती, त्याच राजाच्या नावाने चालू होता!

1869 साली सुएझचा कालवा खुला झाला. आफ्रिकेचा वळसा टळला आणि आगबोटींनी महिन्यांचे आठवडे केले. पुढे 1955 साली दाबोळीच्या पठारावर विमानतळ उभा राहिला. त्याच वर्षी भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, सरहद्दीवरची रेल्वे थांबली. तेव्हा गोव्यातून कराचीमार्गे लिस्बनला विमाने जाऊ लागली. आणि शंभरेक किलोमीटरवरचे बेळगाव मात्र सामान्य गोमंतकीयास दुरावले. घाटापलीकडे लेक दिलेल्या घरांना नकाशावरचे मैल काय कामाचे?

डिसेंबर 1961 मध्ये हा विरोधाभास शिगेला पोचला. अखेरपर्यंत लढण्याचा सालाझार यांचा आदेश बिनतारी संदेशाने तत्काळ आला. मदत मात्र येऊ शकली नाही. 18 डिसेंबर रोजी भारतीय विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. त्या रात्री तेथे उरलेली दोन विमाने अंधारातच कराचीकडे उडाली, आणि 19 तारखेस गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. 1641 मध्ये शब्द उशिरा पोचला होता; 1961 मध्ये शब्द वेळेवर पोचला, पण त्यामागे वाट उरली नव्हती.

आज गोमंतकीय माणूस वाटेत विमान बदलून साधारण एका दिवसात लिस्बन गाठतो, आणि बेळगावला जावयास त्यास कोणाचा परवाना लागत नाही. आमच्या मते या दोहोंपैकी दुसरी सोय अधिक मोलाची होय.