प्रा. कुंतोविजोयो : दुखण्यानंतरची तेरा वर्षे

इंडोनेशियाचे नाव निघाले की 'सर्वांत जास्त मुसलमान असलेला देश' एवढे बोलून आपण मोकळे होतो. तिथल्या मुस्लिमांनी काय लिहिले, काय विचार केला, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. आपली नजर अरबस्तान, इराण, फार तर पाकिस्तानपर्यंत जाते. म्हणूनच योग्याकार्ता येथील गाजा मादा विद्यापीठात इतिहास शिकवणारे कथाकार प्रा. कुंतोविजोयो यांची ओळख करून द्यावी, असे आम्हाला वाटले.

त्यांचा जन्म १९४३ चा, योग्याकार्ताजवळच्या बांतुल भागातला. घर मुहम्मदिया या १९१२ मध्ये स्थापन झालेल्या सुधारणावादी संघटनेच्या वळणाचे. १९६९ साली ते पदवीधर झाले आणि त्याच वर्षी त्यांचा निकाहही झाला. पुढे अमेरिकेत शिकून १९८० मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

प्रबंधाचा विषय होता जावालगतच्या मदुरा बेटाचा १८५० ते १९४० हा काळ. मदुरात पाण्याखालची भातशेती थोडी, कोरडवाहू जमीनच फार. (कोरडवाहू म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.) जावात गाव एकवटून बसते, इथे घरे आपापल्या शेतांजवळ विखुरलेली. मग या माणसांना एकत्र कोण आणणार? मशीद, मदरसा आणि 'किआई', म्हणजे तिथला आलिम. मदुरी माणूस धर्मनिष्ठ का, याचे उत्तर त्यांनी जमिनीच्या पोतात शोधले. मुस्लिम समाजाचा इतिहास असाही लिहिता येतो, आणि त्याने ईमानाला धक्का लागत नाही!

सूरह आले-इमरानच्या ११० व्या आयतीकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले. भल्याचा आदेश, बुऱ्याला मनाई आणि अल्लाहवर ईमान ही या आयतीतली तीन सूत्रे आपण वाजमध्ये कित्येकदा ऐकतो. पहिल्यात त्यांना माणसाला माणूसपण देणे दिसले, दुसऱ्यात शोषणातून मुक्ती, तिसऱ्यात या दोहोंना अल्लाहशी जोडून ठेवणे. यातून त्यांनी 'पैगंबरी समाजशास्त्रा'ची मांडणी केली. आधुनिक ज्ञानाला इस्लामी शिक्का मारण्याचा उद्योग त्यांना मान्य नव्हता. कुरआनातल्या मूल्यांवरून सिद्धांत उभा करा आणि तो समाजात तपासा, असा त्यांचा आग्रह होता. आमच्या मते त्यांचे हे म्हणणे आजही अनेकांना पचणार नाही.

जानेवारी १९९२ मध्ये मेंदूला आणि त्याच्या आवरणाला सूज येऊन ते अंथरुणाला खिळले. वय अवघे ४८. जीव वाचला, पण शरीर पूर्वीसारखे झाले नाही. बोलणे जड झाले, हालचाल मंदावली. शब्दांवर जगणाऱ्या प्राध्यापकावर याहून मोठा घाला कोणता? पत्नी स्वतः अध्यापन क्षेत्रातल्या, पदरी दोन मुलगे. अशा संसारात कर्त्या पुरुषाचे दुखणे काय असते, ते ज्याने भोगले त्यालाच कळते. पत्नीने साथ सोडली नाही. ते संगणकापुढे बसून सावकाश एकेक अक्षर टिपत राहिले.

त्या अक्षरांतून काय निघाले पाहा. 'कोम्पास' दैनिकाने १९९५, १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ तीन वर्षे त्यांच्या कथेला वर्षातली सर्वोत्तम कथा ठरवले. १९९५ मध्ये इतिहासशास्त्राची ओळख करून देणारे पुस्तक आले, २००० साली 'मंत्र पेजिनाक उलार' ही कादंबरी. २००१ मध्ये 'मशिदीविना मुसलमान' या अर्थाच्या नावाचा लेखसंग्रह निघाला. मशीद-मदरशात नव्हे, तर पुस्तकांतून आणि विद्यापीठाच्या आवारात धर्म शिकलेली पिढी त्यांनी त्यात ओळखली होती. तिला त्यांनी नावे ठेवली नाहीत. ती कुठून आली, हे समजून घेतले. त्याच वर्षी विद्यापीठात प्राध्यापकपदाचे व्याख्यान देताना इंडोनेशियन मुस्लिमांची धार्मिक जाणीव मिथकाकडून विचारप्रणालीकडे आणि तिथून शास्त्राकडे कशी सरकली, हे त्यांनी सांगितले.

'इस्लाम : एक शास्त्र' या आशयाचे त्यांचे पुस्तक २००४ मध्ये आले. पुढच्याच वर्षी, २२ फेब्रुवारी २००५ रोजी, योग्याकार्तात त्यांचा इंतकाल झाला.