हरवलेली ‘प्रॉडक्ट की’: सापडते, पण कामी येईलच असे नाही

संगणक ‘फॉरमॅट’ करण्याची वेळ आली की विंडोजची अथवा ऑफिसची ‘प्रॉडक्ट की’ कुठे ठेवली, याची शोधाशोध सुरू होते. सीडीचे वेष्टन केव्हाच रद्दीत गेलेले असते. ही पंचवीस अक्षरे बहुतेक वेळा संगणकातूनच परत मिळविता येतात. मात्र मिळालेली ‘की’ खरोखर आपलीच आहे का, हे तपासणे तितकेच आवश्यक असते. जुने विंडोज चालू असेपर्यंत हे काम सर्वांत सोपे असल्याने संगणक दुरुस्तीला देण्यापूर्वीच ते उरकावे.

विंडोज एक्सपी ते विंडोज ७ या आवृत्त्यांत ‘की’ रजिस्ट्रीतील ‘डिजिटल प्रॉडक्ट आयडी’ या नोंदीत साठविलेली असते. ती थेट वाचता येत नसली तरी फार कडेकोट कुलपातही नसते. १५ बाइटच्या एका मोठ्या संख्येला २४ने पंचवीस वेळा भागत गेले की प्रत्येक बाकीतून एक अक्षर मिळते. ‘प्रॉड्यूकी’ किंवा ‘मॅजिकल जेली बीन कीफाइंडर’ यांसारखे छोटे प्रोग्राम हेच गणित क्षणात करतात. या ‘की’मध्ये केवळ २४ चिन्हे वापरली जात. इंग्रजी स्वर, तसेच एल, एन, एस, झेड ही अक्षरे आणि ०, १, ५ हे अंक त्यांत नाहीत. लॅपटॉपखालचा पुसट झालेला ‘स्टिकर’ वाचताना ही माहिती उपयोगी पडते. जे अक्षर ‘ओ’ वा शून्य भासते, ते ‘क्यू’ किंवा ‘डी’ असण्याची शक्यता अधिक!

विंडोज सुरूच होत नसेल, पण हार्ड डिस्क शाबूत असेल, तर ती यूएसबीद्वारे दुसऱ्या संगणकाला जोडून ‘प्रॉड्यूकी’ला तिच्यावरील विंडोजचे फोल्डर दाखवावे. नवे विंडोज जुन्यावरच, फॉरमॅट न करता बसविले गेले असेल, तर ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर पाहावे. मात्र ते काही दिवसांनी आपोआप पुसले जाऊ शकते.

फसगत होते ती यापुढे. नामांकित कंपनीच्या एक्सपी अथवा विंडोज ७ असलेल्या संगणकात जी ‘की’ सापडते, ती बहुधा त्या कंपनीने आपल्या असंख्य संगणकांत घातलेली सामाईक ‘की’ असते. ती मदरबोर्डवरील कंपनीच्या खुणेच्या आधारे चालते. साध्या सीडीवरून विंडोज बसविल्यास तिचा उपयोग होत नाही. ग्राहकाची स्वतःची ‘की’ संगणकाला चिकटविलेल्या ‘स्टिकर’वर असते आणि ती वेगळी असते. ‘प्रोग्रामने दाखविलेली की चुकीची आहे’ अशी तक्रार पुष्कळदा यातूनच उद्भवते. शिवाय विंडोज ७ची ‘की’ वापरून विंडोज १० किंवा ११ कार्यान्वित करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३मध्ये बंद केली.

विंडोज ८ (२०१२) पासून ‘स्टिकर’ची प्रथा मागे पडली. कंपनीने दिलेल्या संगणकात ‘की’ मदरबोर्डवरील यूईएफआय या मूलभूत प्रणालीतच नोंदविलेली असते. डिस्क बदलली तरी ती राहते आणि तीच आवृत्ती पुन्हा बसविताना आपोआप वाचली जाते. ‘शोकी प्लस’ हा प्रोग्राम ती दाखवितो. विंडोज १० (२०१५) पासून मात्र अनेकांकडे ‘डिजिटल परवाना’ असतो. तेथे प्रोग्रामने दाखविलेली ‘की’ सर्वांसाठी एकसारखी, नावापुरती असते. ती वहीत उतरवून ठेवण्यात अर्थ नाही. खरी नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या यंत्राच्या नावे असते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घेणे हाच उपाय, विशेषतः मदरबोर्ड बदलण्यापूर्वी.

ऑफिसच्या २०१० पर्यंतच्या आवृत्त्यांची संपूर्ण ‘की’ मिळू शकते. ऑफिस २०१३पासून संगणकात केवळ शेवटची पाच अक्षरे उरतात. संपूर्ण ‘की’ शोधून देण्याचा दावा करणाऱ्या प्रोग्रामवर विश्वास ठेवू नये. त्या पाच अक्षरांचा उपयोग एवढाच, की घरातील चार डब्यांपैकी कोणता या संगणकाचा, हे ओळखता येते. टॅलीच्या बाबतीत अडचण निराळी असते. तेथे परवाना पुन्हा कार्यान्वित करताना नोंदविलेल्या ई-मेलवर संदेश जातो आणि तो ई-मेल विक्रेत्याचा किंवा नोकरी सोडून गेलेल्या लेखनिकाचा निघाला, तर ऐन विवरणपत्राच्या दिवसांत काम अडते. फॉरमॅटपूर्वी परवाना ‘सरेंडर’ करणे आणि ई-मेल तपासणे, ही दोन्ही कामे पाच मिनिटांची आहेत.

‘की’ शोधणारे प्रोग्राम त्यांच्या निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावेत. अँटिव्हायरस त्यांना अनेकदा धोकादायक ठरवितो, कारण चोरटेही तीच साधने वापरतात. ‘की’ तयार करून देणारे ‘कीजेन’ हा मात्र सरळ चोरीचा मामला असून त्यांच्यासोबत व्हायरस येण्याची शक्यता दाट असते.

छोट्या कार्यालयांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. संगणकातून ‘की’ काढता आली, म्हणजे परवाना सिद्ध झाला असे नाही. स्वामित्व हक्क कायदा १९५७च्या कलम ६३ ब अन्वये बेकायदा प्रत असल्याचे जाणून ती संगणकावर वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. तपासणीच्या वेळी मागितले जाते ते खरेदीचे बिल. बिल हरवले असल्यास विक्रेत्याकडून त्याची प्रत, विंडोज ७ वा त्याआधीचे असल्यास ‘स्टिकर’चे स्पष्ट छायाचित्र, आणि ऑनलाइन खरेदी असल्यास त्या वेळचा ई-मेल, एवढे तरी त्या संगणकाबाहेर, दुसरीकडे जपून ठेवावे.