पहाटे ३:५३ ते सकाळी ९:०८

१२ डिसेंबर २०२४, गुरुवार. चॅटजीपीटी बंद पडले त्या पहाटेच्या या वेळा नवी मुंबईतल्या उलव्याच्या घड्याळातल्या आहेत. चॅटजीपीटीच्या कंपनीच्या गावी, सॅन फ्रान्सिस्कोत, तेव्हा ११ तारखेची दुपार आणि संध्याकाळ होती.

त्याआधी. चॅटजीपीटीची कंपनी ओपनएआय आपले काम कुबरनेटिसवर चालवते. हजारो यंत्रांपैकी कोणता कंटेनर (प्रोग्रॅमचा बंदिस्त गठ्ठा) कुठे चालेल, हे ही यंत्रणा ठरवते. तिच्या कंट्रोल प्लेनवर, म्हणजे हे ठरवणाऱ्या भागावर, नीट लक्ष राहावे म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या १० तारखेला एक नवी टेलिमेट्री (मोजमाप गोळा करणारी) सेवा चाचणीच्या क्लस्टरवर, म्हणजे यंत्रांच्या गटावर, चढवली गेली. सेवा स्वतः किती सीपीयू आणि मेमरी खाते, ते तपासले. कंट्रोल प्लेनकडच्या मागण्या घेणाऱ्या एपीआय सर्व्हरवर किती भार टाकते, ते तपासले नाही. क्लस्टर लहान होता. सेवा पास झाली.

३:५३. बदल मुख्य कोडमध्ये मर्ज झाला. डिप्लॉयमेंट सुरू.

४:२१. सेवा खऱ्या क्लस्टरांवर उतरू लागली. कॉन्फिगरेशन असे होते की प्रत्येक नोड, म्हणजे क्लस्टरमधले एकेक यंत्र, एपीआय सर्व्हरकडे जड मागण्या करी. क्लस्टर जितका मोठा, तितकी एकेक मागणी जड. मोठ्या क्लस्टरांत नोड हजारोंनी होते. एपीआय सर्व्हर त्या भाराखाली दबले आणि तिथला कंट्रोल प्लेन पडला.

कंट्रोल प्लेन पडला तरी चालू कंटेनर सहसा चालत राहतात. पण इथे सेवांना एकमेकींचे पत्ते डीएनएसकडून मिळत आणि डीएनएस कंट्रोल प्लेनवर अवलंबून होते. कॅशमध्ये जुने पत्ते शिल्लक होते. त्यांच्यावर सुमारे २० मिनिटे निभावले. तेवढ्यात नवी सेवा पुढच्या क्लस्टरांवर पोहोचत राहिली.

४:४३. पहिले इशारे इंजिनिअरांपर्यंत पोहोचले.

४:४६. ग्राहकांना किरकोळ अडचणी येऊ लागल्या. त्याच मिनिटाला कारण सापडले. उपायही उघड होता: नवी सेवा काढून टाकायची. पण काढण्याचा हुकूम एपीआय सर्व्हरमार्फतच द्यावा लागतो, आणि तो कोणालाच दाद देत नव्हता.

४:५०. सेवा शेवटच्या क्लस्टरवर उतरली. कारण सापडून ४ मिनिटे झाली होती.

४:५७. बाधित क्लस्टरांवरची वाहतूक दुसरीकडे वळवायला सुरुवात.

५:१०. चॅटजीपीटी, विकासकांसाठीचे एपीआय, व्हिडिओ बनवणारे सोरा: कंपनीची सगळीच उत्पादने कोलमडली.

इंजिनिअरांनी एकाच वेळी तीन उपाय सुरू केले. क्लस्टरांचा आकार कमी केला. कुबरनेटिसच्या प्रशासकीय एपीआयकडे येणारी नेटवर्क वाहतूक रोखली. एपीआय सर्व्हरची क्षमता वाढवली. हेतू एकच: सेवा काढण्यापुरती तरी जागा मिळावी.

६:०६. पहिला क्लस्टर सावरला.

७:१५. चॅटजीपीटी बऱ्याच अंशी सुरू. उलव्यात उजाडले होते.

८:३१. चॅटजीपीटी आणि सोरा पूर्ववत. उलव्यातल्या खारकोपर, बामणडोंगरी स्थानकांवर कामाला निघालेल्यांची वेळ.

९:०८. सगळे क्लस्टर सावरले. पहिल्या अडचणीपासून ४ तास २२ मिनिटे गेली होती.

कंपनीने नंतर सुधारणांची यादी जाहीर केली. बदल टप्प्याटप्प्याने उतरवायचे आणि प्रत्येक टप्प्यावर क्लस्टरची प्रकृती पाहायची. चालू कामाचे कंट्रोल प्लेनवरचे अवलंबन कमी करायचे. आणि भार कितीही असला तरी इंजिनिअरांना एपीआय सर्व्हरपर्यंत पोहोचता येईल अशी आपत्कालीन वाट ठेवायची. ४:४६ ला ती असती, तर काढण्याचा हुकूम तेव्हाच देता आला असता.