कुपनावरचा बाप

बाय, आपली भेट रविवारी होते, कारण त्या दिवशी तुला शाळा नसते आणि मला ऑफिस. हा रविवार आपल्याला फुकट मिळालेला नाही. त्याच्यासाठी मुंबईत सहा वर्षं भांडण चाललं होतं.

नारायण मेघाजी लोखंडे हे त्या भांडणातलं पहिलं नाव. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक, आणि मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले. त्या काळी गिरणी दिवस उगवताना सुरू व्हायची आणि मावळताना थांबायची. आठवड्याची सुट्टी नव्हतीच; सणावाराला मिळेल ती आपली. १८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी परळला कामगारांची सभा भरवली आणि पाच हजारांहून जास्त कामगारांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. मागण्या अगदी साध्या होत्या. रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास जेवायला सोडा, पगार वेळेवर करा, कामावर माणूस जखमी झाला तर त्याला उपाशी ठेवू नका. १८९० च्या एप्रिलात दहा हजार कामगार सभेला जमले, दोन बायकांनी उभं राहून भाषणं केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवार मान्य केला. कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली ती १८९१ साली.

पण रविवार मिळालेल्या त्या बापांपैकी कितीतरी जणांची मुलं मुंबईत नव्हतीच. ती होती देवगडला, मालवणला, राजापूरला, घाटावर साताऱ्याकडे. सुट्टीच्या दिवशी बाप कपडे धुवायचा, भजनाला बसायचा, आणि गावाहून कुणी आलं का ते बघायला ओळखीच्या खोलीवर जायचा. पुढे तुझे पणजोबाही तसेच.

मुंबईतली पहिली सूतगिरणी कावसजी नानाभाई दावरांनी १८५४ साली काढली. ताडदेवला ती १८५६ मध्ये चालू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी असा सगळा पट्टा धुराड्यांनी भरला आणि त्याचं गिरणगाव झालं. तिथे राबायला कोकणातून माणसं आली. १९११ च्या जनगणनेत पाच मुंबईकरांत साधारण एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. आपला सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच होता. तो वेगळा झाला १९८१ साली. आणि १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका होत्या जेमतेम सव्वापाचशे. म्हणजे जवळजवळ निम्म्या पुरुषांचं घर दुसरीकडे कुठेतरी होतं.

बायकामुलांना घेऊन का नाही आले, असं तू विचारशील. कोकणातली जमीन अशी की तिच्यावर घर चालत नाही आणि ती टाकूनही जाता येत नाही. कुणीतरी मागे राहून भात लावायचं, गुरं सांभाळायची, घरावर हक्क ठेवायचा. दुसरं कारण मुंबईतलं. नोकरी कायम नसायची. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभा राहायचा, कुणाचा खाडा पडला तर जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम, त्याला आत घ्यायचा, नाहीतर तो खोलीवर परत. अशा मिळकतीवर मुंबईत बिऱ्हाड थाटायचं कसं?

खोली म्हणजे गावकऱ्यांची खोली. एका गावच्या मंडळींनी मिळून भाड्याने घेतलेली. भाडं वाटून, झाडलोट पाळीपाळीने. भिंतीला खुंट्या, प्रत्येकाची एक. तिच्याखाली प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक. दिवसपाळीवाले कामावर गेले की रातपाळीवाले त्याच जागी आडवे व्हायचे. जेवण खानावळीत. खानावळवाल्या बाईचे पैसे पगाराच्या दिवशी आधी चुकते करायचे, कारण संपात, आजारात उधारीवर जेवू घालायची ती तीच. तिचे पैसे दिले, भाडं दिलं, की उरलेल्याची मनिऑर्डर.

मनिऑर्डरची ही गोष्ट तुला नीट सांगायला हवी, कारण तू मनिऑर्डर पाहिलेली नाहीस. टपाल खात्याने १ जानेवारी १८८० पासून ती सुरू केली. पाव आण्याचं पोस्टकार्ड त्याच्या सहा महिनेच आधी, १ जुलै १८७९ ला आलं होतं. पोस्टात एक लांबट फॉर्म मिळायचा. त्यावर पैसे किती, पाठवणारा कोण, घेणारा कोण ते लिहायचं, पैसे खिडकीत मोजून द्यायचे. तिकडे गावात पोस्टमन पैसे घेऊन दारात यायचा. घेणाऱ्याने सही करायची, येत नसेल तर डाव्या अंगठ्याची निशाणी द्यायची. सही केलेली पोच मुंबईला परत जायची. आणि फॉर्मच्या तळाशी एक तुकडा असायचा, तो फाडून घेणाऱ्याला मिळायचा. त्याला म्हणायचे कुपन. त्यावर पाठवणाऱ्याला चार ओळी लिहिता येत, वेगळ्या पोस्टकार्डाचा खर्च न करता.

त्या चार ओळींत कोकणातल्या पिढ्यान् पिढ्यांचे बाप मावले.

आपल्या गावच्या घरी माळ्यावर एका बिस्किटांच्या डब्यात पणजोबांची कुपनं आहेत. पणजोबा चौथी शिकलेले, अक्षर वाटोळं, शाई कुठेकुठे पसरलेली. तुझे आजोबा, म्हणजे त्यातला बाबू, तेव्हा तुझ्याएवढे होते. एका कुपनावर आहे: ‘रुपये पस्तीस धाडले आहेत. शाकारणी पावसाआधी करून घेणे. चि. बाबूस अनेक आशीर्वाद. पाढे वीसपर्यंत पाठ करणे. वहाळाला पाणी असता पलीकडे जाऊ नये.’ दुसऱ्यावर: ‘म्हशीचे औषध धाडतो. बाबूने पाटी फोडली असे समजले. नवी घेणे. मारू नये.’ आणखी एका कुपनावर उपदेश नाहीच, नुसतं विचारलेलं आहे: ‘दारचा आंबा या साली किती धरला ते बाबूने मोजून लिहिणे.’ आजोबा सांगतात, ते खरंच आंब्याखाली उभे राहून मोजायला लागले, आकडा सारखा चुकायचा, शेवटी पोस्टकार्डावर ‘पुष्कळ’ असं लिहून पाठवलं.

आता यातली गंमत बघ. पणजीला वाचता येत नव्हतं. कुपन पोस्टमन वाचायचा, पडवीत बसून, मोठ्याने. शेजारच्या दोघीतिघी ऐकायला असायच्या. तेव्हा किती पैसे आले, पाटी कुणी फोडली, हे वाडीभर व्हायचं. आजोबांना लहानपणी बापाचा उपदेश ऐकू आला तो पोस्टमनच्या आवाजात. ते चौथीत गेल्यावर कुपन आपणच वाचू लागले, आणि पहिल्याच खेपेला पणजीने विचारलं, ‘‘ह्यां सगळा लिवलेला असा, की तू पदरचा घालतंस?’’

इकडे पणजोबांच्या ट्रंकेत पोचा साठत होत्या. त्यांवर पणजीचा अंगठा. तिने पाठवलेलं तेवढंच, दर महिन्याला एक.

मोठ्या माणसांनी मुलांना लिहिलेली पत्रं पुस्तकांत जातात. १९२८ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि वडील अलाहाबादला. जवाहरलाल नेहरूंनी तिला पृथ्वीच्या जन्मापासूनची गोष्ट पत्रांतून सांगितली, आणि १९२९ साली त्या पत्रांचं पुस्तक निघालं. तू ते वाचच, चांगलं आहे. पण त्याच उन्हाळ्यात मुंबईत काय चाललं होतं तेही जोडीला वाच. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद होत्या. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर होते. गिरणी कामगार युनियन, लाल बावट्याची, जन्मली ती याच संपात. शहरात पगाराशिवाय जगणं अवघड, म्हणून हजारो माणसं गावी गेली. पणजोबांचे वडीलही गिरणीतलेच. पावसाआधीच्या शेवटच्या बोटींपैकी एकीने ते देवगडला उतरले. पणजोबा तीन-चार वर्षांचे असतील. बापाने नांगर धरलेला, बाप लावणीच्या चिखलात उभा असलेला त्यांनी पाहिला तो त्या साली. घरात पैसा नव्हता, उधारी वाढत होती, आणि मुलाला मात्र सबंध पावसाळाभर बाप मिळाला. संपाच्या इतिहासात हे येत नाही. तिथे मागण्या असतात, पुढारी असतात, तारखा असतात.

आठवणी कुपनावर मावत नसत. त्या मे महिन्यात किंवा गणपतीला सांगायच्या. पणजोबा रजेवर आले की रात्री खळ्यात बसून गिरणी सांगायचे. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळे ओठ बघून बोलतात. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, म्हणून दिवसभर जिभेवर सूत. नाकाकेसांत कापूस. भोंगा झाला की पळायचं, फाटक बंद झालं तर त्या दिवसाचा खाडा. आजोबा म्हणतात, या गोष्टी ऐकायला चार-पाच दिवस जावे लागत, कारण आल्याआल्या बापाच्या जवळ जायचीच लाज वाटायची. मुंबईहून आलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला हा माणूस कोण, असं मूल दाराआडून बघायचं. ओळख होते न होते तोच रजा संपायची.

म्हणून बाय, हे सगळं गोड करून सांगायचा माझा विचार नाही. त्या व्यवस्थेत बाप महिन्यातून एकदा कागदावर यायचा आणि बाकीचे दिवस आई होती. शेती तिची, गुरं तिची, सावकाराला तोंड देणं तिचं, तापाने फणफणलेल्या पोराला पाठीवर घेऊन दवाखाना गाठणं तिचं. पणजी म्हणायची, ‘‘पैशे धाडल्यानी ता बरा, पण शेण कोण काढतलो?’’ तिच्या या प्रश्नाला कुठल्याच कुपनावर उत्तर नाही.

१८ जानेवारी १९८२ ला शेवटचा मोठा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला आणि त्याच्याबरोबर गिरण्याही. पणजोबा ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. डब्यातली कुपनं तिथे संपतात. जन्मभर कुपनावर ‘करणे’, ‘घेणे’, ‘देणे’ लिहिणारा माणूस आता रोज समोर होता, आणि घर तर त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं. बियाणं कुठलं घ्यायचं ते पणजीच ठरवायची. पहिले काही महिने दोघांचे खटके उडायचे. मग पणजोबांनी गुरं आपल्याकडे घेतली. रोज सकाळी गोठा साफ करायचे. पणजीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी असं दिलं, उशिरा का होईना.

पुढे मनिऑर्डरही गेली. इलेक्ट्रॉनिक मनिऑर्डर आली, तिच्यात ठरावीक संदेशांच्या यादीतला एक निवडावा लागे; पाटी फोडल्याचा संदेश त्या यादीत असणं शक्य नव्हतं. एप्रिल २०१५ पासून जुनी कागदी मनिऑर्डर बंद झाली. मी दर महिन्याला तुझ्या आईला फोनवरून पैसे पाठवतो तेव्हा खाली एक चौकट येते, टीप लिहायला. तिथे मी ‘फी’ किंवा ‘बूट’ एवढंच लिहितो. ती जागा माझ्या आणि आईच्या व्यवहाराची. तुझ्यासाठी हा कागद वेगळा.

तुझी आई आणि मी वेगळे राहतो, ते आम्ही ठरवून. पणजोबा-पणजींना ठरवायला मिळालं नव्हतं. गिरणीने आणि जमिनीने ते त्यांच्यासाठी ठरवलं. तेव्हा दोन्ही गोष्टी एक नव्हेत. पण लांब राहणाऱ्या बापाने काय करावं, हे शिकायला मला त्या डब्यापेक्षा चांगली शाळा मिळाली नाही. तारीख चुकवू नये. थोडं लिहावं, पण मुलाच्या रोजच्या जगातलं लिहावं: वहाळ, पाटी, आंबा. आणि जिथे मूल वाढतं तिथे रोज राबणाऱ्या माणसाचा मान राखावा.

आता तुझ्यासाठी पणजोबांच्या पद्धतीने चार ओळी. पाढे वीसपर्यंत पाठ करणे. रस्ता ओलांडताना फोनकडे बघू नये. शाळेत कुणी ‘तुझे बाबा कुठे असतात’ असं विचारलं तर डोंबिवलीला असतात, असं सरळ सांगावं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं: आईचा निरोप मला किंवा माझा निरोप आईला तू पोचवायचा नाही. आमच्यापैकी कुणी सांगितलं तरी ‘तुम्हीच बोला’ म्हणायचं. दोन घरांमधला पोस्टमन होणं हे मुलांचं काम नव्हे.